कुशन हिच: पहिला चुकला, दुसरा दीड वर्ष वापरतोय

ट्रेलर मागे लावून पिकअप चालवणाऱ्याला तो गचका वेगळा समजावून सांगायला लागत नाही. ब्रेकला पाय लावला की मागून कुणीतरी पाठीत बुक्की मारल्यासारखं होतं, ॲक्सिलरेटर दिला की सीट पुढे जाते आणि मान मागे राहते, आणि काँक्रीटच्या रस्त्यावर जोड आले की ठकठक ठकठक चालूच, दोन तासांनी कंबर बोलायला लागते. मी हे बरीच वर्षं सहन केलं कारण मला वाटायचं ओझं ओढायचं म्हटलं की एवढं होणारच. मग कुशन हिच घेतला, म्हणजे पिकअप आणि ट्रेलरच्या मधला, धक्का खाणारी गादी असलेला जोड, तो चुकीचा निघाला, परत दिला, दुसरा घेतला, आणि आता दीड वर्ष तो वापरून झाल्यावर लिहितोय, कारण पहिल्या वेळी जी गोष्ट मला माहीत असायला हवी होती ती डब्यावर ठळक अक्षरात कधीच नसते.

ती गोष्ट म्हणजे टंग वेट. ट्रेलरच्या कपलरमधून (ट्रेलरच्या नाकावरची वाटी) बॉलवर (हिचवरचा लोखंडी गोळा, ज्यावर ती वाटी बसते) खाली जे वजन येतं ते. कुशन हिचमधलं रबर किंवा एअर बॅग त्या वजनानेच दबते, आणि ती दबलेली असेल तरच खालीवर हलून धक्का खाऊ शकते. लोक (आणि पहिल्या वेळी मी पण) बघतात ते ओढायची क्षमता, म्हणजे १५,००० पौंड, २१,००० पौंड वगैरे, आणि वाटतं जेवढा मोठा आकडा तेवढा दणकट, घेऊन टाकू, पुढे मोठा ट्रेलर घेतला तरी चालेल. माझा पहिला हिच अगदी असाच होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, माल त्यांचा चांगलाच होता, वेल्डिंग एकदम सुबक, पण त्याच्या आतलं रबर १,५०० पौंडांच्या पुढच्या टंग वेटसाठी होतं आणि माझा ट्रेलर भरलेला असताना टंग वेट येतं जेमतेम ७०० पौंड. मग काय होणार, तो हललाच नाही. साध्या लोखंडी बॉल माउंटसारखाच, फक्त दुप्पट जड. पहिल्याच फेरीत कळलं की गचके जसेच्या तसे आहेत, खाली वाकून मोबाईलवर व्हिडिओ काढून बघितला तर खड्ड्यातून जाताना सुद्धा दोन प्लेटमधलं अंतर तसूभर बदलत नव्हतं.

उलटं पण होतं. रबर फार मऊ आणि टंग वेट जास्त असेल तर हिच उभ्या उभ्याच पूर्ण दबून बसतो, मग प्रत्येक खड्ड्याला लोखंडावर लोखंड आदळतं आणि तो दणका साध्या हिचपेक्षा वाईट. म्हणून चांगले बनवणारे टंग वेटची रेंज देतात, इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि आपलं वजन त्या रेंजच्या मधोमध कुठेतरी पडलं पाहिजे. ज्या हिचवर फक्त कमाल आकडा आहे आणि किमान आकडा दिलेलाच नाही, तिथे दुकानदाराला विचारा, उत्तर नसेल तर तो घेऊ नका.

वजन मोजायचं कसं, हा प्रश्न येतोच. सगळ्यात सोपं म्हणजे वजनकाटा. आधी फक्त पिकअप काट्यावर घ्या, मग ट्रेलर जोडून, ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून, फक्त पिकअपची चारही चाकं काट्यावर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे टंग वेट. घरी करायचं असेल तर बाथरूमचा वजनकाटा चालतो: एक जाड फळी घ्या, तिचं एक टोक पाइपवर आणि दुसरं काट्यावर, दोघांत ३ फूट अंतर, आणि ट्रेलरचं नाक पाइपपासून १ फुटावर म्हणजे काट्यापासून २ फुटांवर टेकवा. काट्यावर जे दिसेल, त्यातून फळीमुळे आधीच दिसत असलेलं वजन वजा करून, त्याला ३ ने गुणा. माझं २३३ च्या आसपास आलं, गुणिले ३ म्हणजे ७०० पौंड. जमीन सपाट हवी, ट्रेलरच्या चाकांना उट्या लावा, आणि ट्रेलर समपातळीत हवा, नाहीतर आकडा खोटा येतो.

आणि हो, मोजायचं ते ट्रेलर रोज जसा भरतो तसा भरून. साधारण नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन बॉलवर यायला हवं. ६,००० पौंडांचा ट्रेलर असेल तर ६०० ते ९००. त्याच्या खाली गेलं, म्हणजे सामान मागे जास्त झालं, की ट्रेलर उलाळतो. बैलगाडी उलाळते तेच, नाक वर उचलू बघतं, पण इथे वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. त्यावर कुशन हिच काही म्हणजे काही करू शकत नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय कारण "आता चांगला हिच आहे, काळजी नाही" असं म्हणून लोक सामान कसंही टाकताना मी बघितलेत आणि ते धोक्याचं आहे. डुलणारा ट्रेलर सामान पुढे घेऊन बरा होतो, हिच बदलून नाही.

आता हिच घ्यायच्या आधीचं. गचक्यातला बराचसा भाग तर नुसत्या ढिलेपणाचा असतो आणि तो जवळपास फुकटात जातो. रिसीव्हरच्या, म्हणजे पिकअपच्या मागे बसवलेल्या चौकोनी नळीत हिचचा दांडा, म्हणजे शँक, थोडा सैल बसतो, पिनचं भोक पिनपेक्षा जरा मोठं असतं, कपलर बॉलवर सैल असतो, आणि ब्रेक मारला की हे सगळे सैल सांधे एकामागोमाग मिटतात आणि शेवटी ठप्प. कपलरच्या लॅचखाली एक ॲडजस्टिंग नट असतो, तो आवळून कपलर बॉलला नीट धरतोय का बघा. इतका पण आवळू नका की लॅच लागताना मारामारी होईल. शँकला अँटी रॅटल क्लॅम्प लावा, तो शँक नळीत घट्ट आवळून धरतो. बॉलचा नट पान्याने हाताने आवळून भागत नाही, खालचा आट्यांचा दांडा १ इंच जाड असलेल्या बॉलला साधारण २५० फूट पौंड आणि सव्वा इंचवाल्याला ४५० फूट पौंड टॉर्क लागतो, तो टॉर्क रेंचने द्या. मी हे सगळं केल्यावर माझ्या गाडीत पुढेमागे होणारा ठोका निम्म्यावर आला होता, नवीन हिच यायच्या आधीच.

ब्रेक पण बघा. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागायचे ती सेटिंग, कमी ठेवला की ट्रेलर उशिरा थांबतो आणि पिकअपला ढकलतो, आपल्याला वाटतं हिच खराब. सर्ज ब्रेकचा ट्रेलर असेल, म्हणजे ढकलण्यानेच ज्याचे ब्रेक लागतात, तर त्याच्या कपलरमध्ये एक डँपर असतो, तो गेला की असेच धक्के बसतात. तो आधी तपासा, उगाच हिचला दोष नको.

बरं, एवढं करून उरलेला त्रास दोन प्रकारचा असतो आणि कुठला आहे ते ओळखणं महत्त्वाचं आहे. एक म्हणजे पुढे-मागे, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरला जाणवतो. दुसरा म्हणजे वर-खाली, काँक्रीटचे जोड, पुलाची सुरुवात, स्पीड ब्रेकर. पिकअपच्या मागच्या पाट्या वजनासाठी कडक केलेल्या असतात, ट्रेलरचं नाक त्या बंपरच्या मागे लोंबतं, पिकअपचं मागचं चाक जोडावरून उडतं, मग थोड्या वेळाने ट्रेलरची चाकं त्याच जोडावर येतात आणि नाक परत खाली दाबलं जातं, आणि जोड ठरावीक अंतरावर असल्याने हा झोका एका विशिष्ट वेगाला वाढतच जातो. खात्री करायची असेल तर वेग ताशी ८-१० किलोमीटरने कमी-जास्त करून बघा, उसळणं एकदम कमी झालं तर समजा की हाच प्रकार आहे. माझा त्रास मुख्यतः हा दुसरा होता.

आता प्रकार. रबर किंवा पॉलियुरेथेनच्या गाद्यावाले हिच सगळ्यात साधे, कर्टचा रिबेलियन एक्सडी याच जातीतला. दोन लोखंडी भागांत गादी दाबली जाते, देखभाल जवळपास नाही, हवा भरायची नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही. हालचाल कमी असते त्यामुळे पुढे-मागेचा ठोका छान मरतो पण वर-खालीच्या लांब झोक्याला तितकी मदत होत नाही. कडक थंडीत रबर आणखी कडक होतं, हे मला एका मित्राच्या गाडीत बसल्यावर स्पष्ट जाणवलं, सकाळी पहिला अर्धा तास आणि दुपारी असा फरक होता.

टॉर्शनवाले, जेन-वाय या नावाने लोक ज्यांना ओळखतात, त्यांच्यात ट्रेलरच्या टॉर्शन ॲक्सलसारखीच रचना असते. एका चौकोनी नळीत दुसरा दांडा आणि कोपऱ्यांत रबराच्या दोऱ्या ठासलेल्या, बॉलचा आर्म खाली-वर झाला की दांडा पिळतो आणि रबर चेपलं जातं. रबराची खुबी अशी की ते नुसतं परत उसळत नाही, चेपताना घेतलेली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं, म्हणून वेगळा शॉक ॲब्सॉर्बर नसला तरी झोका लवकर मरतो. वर-खालीसाठी हे फार छान काम करतात. पण रबर आत कायमचं ठासलेलं असल्यामुळे टंग वेटची रेंज बदलता येत नाही, जी घेतली ती घेतली. माझा पहिला चुकलेला याच पद्धतीचा होता (कुठल्या कंपनीचा ते सोडा), आणि चूक पद्धतीची नव्हती, माझ्या निवडीची होती. ज्याच्याकडे एकच कॅम्पर आहे, वजन कायम तेच, त्याने योग्य रेंजचा टॉर्शन घ्यावा आणि विसरून जावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरा एअर बॅगवाला, यात शॉकर एअर हिच बऱ्यापैकी माहीत आहे. मध्ये छोटी एअर बॅग आणि सोबत शॉक ॲब्सॉर्बर, कारण नुसती हवा म्हणजे चेंडू, ती उसळतच राहील. ट्रेलर जोडून, सामान भरून, मग हवा इतकी भरायची की हलणारा भाग आपल्या प्रवासाच्या मधोमध येईल, वर पण जागा राहील आणि खाली पण. मी दुसऱ्या वेळी एअरवाला घेतला, कारण माझा ट्रेलर जाताना ट्रॅक्टर आणि अवजारं घेऊन ७०० पौंड टंग वेटचा असतो आणि येताना रिकामा २५० चा, आणि रिकामा ट्रेलर जास्त उसळतो, हे ज्याने रिकामा ट्रेलर ओढलाय त्याला माहीत आहे. कायमस्वरूपी रबर या दोन्ही वजनांना न्याय देऊ शकत नाही. हवा देऊ शकते.

दीड वर्षानंतर कसा आहे? काँक्रीटच्या रस्त्यावरचं उसळणं गेलं असं मी म्हणणार नाही, पण इतकं कमी झालंय की बायको आता शेजारच्या सीटवर झोपते, आधी ती डोकं खिडकीला टेकवू शकत नव्हती. पुलाच्या तोंडाशी जो दण्ण आवाज यायचा तो आता एक मऊ डुलकी आहे. ब्रेकचा ठोका पण कमी, कारण बॉलवाला भाग खालच्या पिनभोवती फिरतो, त्यामुळे पुढे-मागेचा धक्का पण हवेतच जातो. ट्रेलरमधल्या सामानावर सुद्धा फरक पडलाय, आधी प्रत्येक फेरीला रॅचेट पट्टे परत आवळायला लागायचे, आता अर्ध्या रस्त्यात थांबून बघतो तर बहुतेक वेळा तसेच घट्ट असतात.

त्रास काय आहे ते पण सांगतो. एक, जड आहे, माझा जवळपास ३५ किलो भरतो आणि एकट्याने रिसीव्हरमध्ये घालताना गुडघ्यावर घेऊन ढकलायला लागतो. हे वजन पिकअपच्या पेलोडमधूनच, म्हणजे गाडी जेवढं वजन वाहू शकते त्यातूनच जातं, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो पेलोड दिलाय त्यातून माणसं, मागचं सामान, टंग वेट आणि हा हिच असं सगळं वजा करा मग कळतं किती कमी उरतं. दोन, साध्या हिचपेक्षा बॉल काही इंच आणखी मागे जातो, म्हणजे तरफ लांबते आणि पुढची चाकं तेवढी हलकी होतात. फार जाणवत नाही पण ज्याची गाडी आधीच मागून बसते त्याला जाणवेल. तीन, टेलगेट उघडताना ट्रेलरच्या जॅकला लागतं का हे घ्यायच्या आधी मोजा, माझं लागतं, ट्रेलर वळलेला असताना कोपरा घासतो, त्यामुळे मी जॅकचं हँडल फिरवून बाजूला ठेवतो. चार, थंड सकाळी हवेचं प्रेशर पडलेलं असतं, निघायच्या आधी बघायलाच लागतं. ज्याला हे रोज बघायचा कंटाळा आहे त्याने एअरवाला घेऊ नये, कारण हवा गेलेला एअर हिच म्हणजे लोखंडावर लोखंडच.

उंचीचं गणित नीट करा. पिकअप आणि ट्रेलर दोन्ही सपाट जागेवर, ट्रेलर समपातळीत, जमिनीपासून रिसीव्हरच्या आतल्या वरच्या कडेपर्यंत आणि जमिनीपासून कपलरच्या खालच्या कडेपर्यंत मोजा, फरक तेवढा ड्रॉप किंवा राइज, म्हणजे बॉल रिसीव्हरपेक्षा तेवढा खाली किंवा वर हवा. पण त्यात दोन गोष्टी धरा: वजन आल्यावर पिकअप मागून बसणार आणि कुशन स्वतः पण इंच दीड इंच दबणार. मी पहिल्यांदा हे धरलं नाही आणि ट्रेलर नाक खाली घालून चालला, दोन ॲक्सलच्या ट्रेलरला त्याने पुढच्या ॲक्सलवर जास्त वजन येतं. भोकांनी उंची बदलता येणारा शँक असेल तर एक भोक वर घेऊन काम होतं, म्हणून ॲडजस्टेबलच घ्या.

साइजबद्दल थोडक्यात. रिसीव्हर २ इंच की अडीच इंच हे आधी बघा, आणि अडीचमध्ये स्लीव्ह घालून २ चा हिच वापरायचा विचार असेल तर माझं मत नको, स्लीव्हने आणखी एक सैल सांधा येतो आणि आपण तोच घालवायला पैसे देतोय. बॉल २ इंच की २ ५/१६ इंच हे कपलरवर ठोकलेलं असतं, मोठ्या कपलरमध्ये छोटा बॉल वरवर बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात सुटतो, यात अंदाज नको. सगळ्या साखळीत, म्हणजे पिकअप, रिसीव्हर, हिच, बॉल, कपलर यांत, ज्याचा आकडा सगळ्यात कमी तोच तुमचा आकडा. एसएई जे६८४ या ट्रेलर-जोडांच्या मानकाप्रमाणे टेस्ट केलाय असं लिहिलेलं असेल तर चांगलंच.

एक गोष्ट बऱ्याच जणांचा गोंधळ होतो ती म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन. ते वेगळं काम आहे, स्प्रिंग बारने वजन पुढच्या चाकांवर परत ढकलायचं. कुशन हिच ते करत नाही. रिसीव्हरच्या स्टिकरवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, एक नुसतं वजन पेलायचा आणि एक वेट डिस्ट्रिब्युशन लावून, आणि तुमचा ट्रेलर पहिल्या आकड्याच्या वर असेल तर नुसता कुशन हिच घेऊन चालणारच नाही, दोन्ही एकत्र असलेला प्रकार शोधा.

बसवल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत तपासा, माझे दोन थोडे सैल सापडले. फिरणाऱ्या पिनला ग्रीस निपल असेल तर ग्रीस द्या, माझा एकदा कोरडा पडला तेव्हा वळणावर कुरकुरायला लागला होता आणि मला वाटलं एअर बॅग फाटली. सेफ्टी चेन कपलरखाली एकमेकींवरून आडव्या घालून रिसीव्हरलाच लावा, हिचला नाही, आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) पण गाडीलाच, कारण हिच पिनमधून निसटला तर चेन आणि केबल दोन्ही त्याच्याबरोबर जाता कामा नयेत. हिच हलतो म्हणून चेनला जरा जास्त ढील लागते, माझी एक कडी कमी पडत होती.

आता एवढंच बाकी आहे की रिकाम्या फेरीसाठी हवा कमी करायला खाली वाकायला लागतं, त्यासाठी व्हॉल्व्हला नळी जोडून तो नंबर प्लेटजवळ आणायचं ठरवलंय, सामान आणून ठेवलंय, पुढच्या रविवारी बसवणार आहे.